पांढरी चादर कोणी धरली होती?

आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात प्रश्नमंजुषा घ्यायचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात आहे. सिनेमाची फेरी आली की मांडव जागा होतो. 'भारतीय चित्रपटाची पहिली नायिका कोण?' असं विचारलं, तर प्रश्न संपायच्या आत चार हात वर आणि एकच गलका: 'बाई नव्हतीच! अण्णा साळुंके!' नाशिकमध्ये हे उत्तर शेंबड्या पोरालाही पाठ असतं. ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाकाला असलेला नाजूक हातांचा पोरगा, फाळके त्याला हेरतात, पंधरा रुपये पगार कबूल करतात आणि १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तो तारामती होतो. टाळ्या.

गेल्या वर्षी मी त्याला शेपूट जोडलं. 'मग बाईची भूमिका बाईनेच पहिल्यांदा केली, त्या बाया कोण? आणि ते शूटिंग कुठे झालं?' मांडव गप्प. मागून कोणीतरी 'देविका राणी' म्हणालं, तेही दबकतच. खरं उत्तर असं की, 'राजा हरिश्चंद्र' लागला त्याच वर्षी फाळक्यांनी मुंबईतलं बस्तान नाशिकला हलवलं आणि इथे 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. कमलाबाईंचा जन्म १९००चा, म्हणजे तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची पोर. विक्रम गोखल्यांची ही आजी. थोडक्यात, साळुंक्यांच्या किश्शाचा दुसरा अर्धा भाग आपल्या गावात घडला आणि तोच आपल्याला ठाऊक नाही. पुरुषाने लुगडं नेसलं याची गंमत वाटते, म्हणून ते लक्षात राहिलं. नाटकात पोट भरणारी एक बाई लेकीला घेऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, यात कोणाला गंमत दिसली नसावी.

खरी गडबड मात्र त्यानंतर झाली. टाय-ब्रेकर म्हणून मी रोहिदासाचा किस्सा सांगितला. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र हरिश्चंद्राचा रोहिदास झाला होता. शूटिंगच्या दरम्यान खेळताना तो पडला, डोकं दगडावर आपटलं, रक्त आलं, शुद्ध हरपली. मंडळी म्हणाली, आज राहू द्या. पण प्रसंग रोहिदासाच्या मृत्यूचा होता. फाळक्यांनी मुलाची मलमपट्टी केली आणि त्या बेशुद्ध पोरावरच तो प्रसंग चित्रित केला. किस्सा संपला, मांडवात हुंकार उठला, एक काका म्हणाले, 'याला म्हणतात ध्यास!' पुन्हा टाळ्या. माझ्या शेजारच्या मावशी सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. त्या प्रसादाच्या द्रोणावरून मान वर करून म्हणाल्या, 'डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेल्या पोराला उचलून इकडून तिकडे निजवलं? आणि तुम्ही टाळ्या कसल्या वाजवताय?'

कोणी उत्तर दिलं नाही. मीही नाही. आरतीची वेळ झाली होती, ते एक बरं झालं.

पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. पडद्यामागच्या किश्शांचा मी जुना गिऱ्हाईक. पूर्वी मासिकांतून कात्रणं कापून ठेवायचो, आता मोबाइलवर रात्री बारा वाजेपर्यंत बोट सरकवत बसतो. इतक्या वर्षांनी मला असं दिसतंय की या किश्शांचे सरळ दोन ढीग पडतात. एक, डोकं चालवल्याचे किस्से. दोन, डोकं फुटल्याचे किस्से. आपण दोन्हींना एकाच सुरात 'अरे वा!' म्हणतो, आणि माझं भांडण याच्याशी आहे.

पहिला ढीग निखळ आनंदाचा. हिचकॉकच्या 'सायको'त न्हाणीघरात वाहतं ते रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप, कारण कृष्णधवल फिल्मवर तेच झकास दिसत होतं. 'जॉज'मधला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गने तो कमीत कमी दाखवला, आणि न दिसणाऱ्या माशाचीच लोकांनी जास्त धास्ती घेतली. 'जुरासिक पार्क'मधल्या रॅप्टरच्या आवाजात जोडा लागलेल्या कासवांचा आवाज मिसळलेला आहे (हे कळल्यापासून तो स्वयंपाकघरातला प्रसंग मी गंभीरपणे पाहू शकलेलो नाही). आपल्या फाळक्यांचंच घ्या. भांडवल द्यायला कोणी तयार होईना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप कसं वाढतं ते दिवसेंदिवस थोडंथोडं टिपून, जोडून, मिनिटभरात झरझर वाढणारं रोप दाखवलं. पैसे देणाऱ्याला सिनेमा म्हणजे काय हे समजावण्यासाठी! जादूचे प्रयोग करताना स्वतःचं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केल्फा' होणाऱ्या माणसालाच हे सुचायचं. असले किस्से शंभर वेळा सांगा. त्यात कोणाचं काही गेलेलं नाही. उलट काम कसं होतं ते कळतं.

दुसऱ्या ढिगाचं तसं नाही. 'द विझर्ड ऑफ ऑझ'मध्ये पत्र्याच्या माणसाची भूमिका आधी बडी एब्सेन करत होता. चेहऱ्याला फासलेली ॲल्युमिनियमची पूड फुप्फुसात गेली आणि तो इस्पितळात भरती झाला. त्याच्या जागी दुसरा नट आणला आणि त्याच्यासाठी पुडीऐवजी लेप बनवला. लेप बनवता येत होता, म्हणजे पहिल्याच्या फुप्फुसावर प्रयोग करून मग बनवला. त्याच सिनेमात खसखशीच्या शेतावर पडणारा बर्फ ॲसबेस्टॉसचा होता. मोबाइलवर ही माहिती कशी येते, तर 'तुम्हाला माहीत आहे का?' आणि पुढे डोळे विस्फारलेला पिवळा चेहरा.

जुलै १९८२मध्ये बंगळुरूला 'कुली'च्या मारामारीत अमिताभ बच्चनना पोटात मार लागला आणि सगळा देश देवळात जाऊन बसला. मी शाळेत होतो. आमच्या वाड्यातल्या एका काकूंनी काळारामाला नवस बोलला होता, आणि पुढे तो पायी जाऊन फेडलाही. सिनेमा आला तेव्हा नेमक्या त्या क्षणी चित्र थांबवून पडद्यावर पाटी दाखवली होती, की इथेच तो मार लागला. लोक ती चौकट बघायला पुन्हा तिकीट काढायचे. मीही काढलं. त्याच महिन्यात अमेरिकेत 'ट्वायलाइट झोन'च्या सेटवर हेलिकॉप्टर कोसळून नट व्हिक मॉरो आणि दोन लहान मुलं मेली. ती मुलं रात्रीच्या कामासाठी, परवानगी न काढता आणलेली होती. तिथे खटला वर्षानुवर्षं चालला. आरोपी सुटले, पण सेटवरच्या सुरक्षिततेचे नियम त्या अपघातामुळे कडक झाले. आपल्याकडे पाटी लागली.

आणि म्हैसूर. ८ फेब्रुवारी १९८९. दूरदर्शनच्या 'द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान' मालिकेचं चित्रीकरण चालू असताना प्रीमियर स्टुडिओत आग लागली आणि ६२ माणसं गेली. भिंतींना गोणपाट होतं, आग विझवायला वाळू आणि पाण्याच्या काही बादल्या होत्या, असं तेव्हाच्या वृत्तांतांतून पुढे आलं. हा प्रसंग आज किश्शाच्या रूपात ऐका. त्यात मालिकेचे नायक संजय खान असतात, त्यांचं पासष्ट टक्के भाजणं असतं, त्यांच्या कित्येक शस्त्रक्रिया असतात, आणि एवढं होऊनही त्यांनी मालिका पूर्ण केली ही जिद्द असते. ती जिद्द खोटी नाही. पण बासष्ट हा आकडा त्या गोष्टीत नेपथ्यासारखा मागे उभा असतो. त्या बासष्टांतलं एक तरी नाव सांगा, असं प्रश्नमंजुषेत विचारलं तर? मलाही येणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: किस्सा ही निरुपद्रवी करमणूक नाही. कोणाचं दुखणं कौतुकाचं आणि कोणाचं मोजायचंही नाही, हे तो गुपचूप ठरवून टाकतो. नटाला लागलं तर तो ध्यास. लाइटमनला लागलं तर ती 'शूटिंगला विलंब' अशी अर्ध्या ओळीची बातमी.

यावर आमचे ते काका काय म्हणतील ते मला पाठ आहे. 'तुम्ही आजच्या फूटपट्टीने फाळक्यांना मोजता. तो काळ वेगळा. वेडाशिवाय कला होत नाही.' काळ वेगळा होता, मान्य. वेडही मान्य. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२मध्ये लंडन गाठलं, तिथून कॅमेरा आणला, त्याआधी सिनेमे पाहून पाहून डोळे घालवायची वेळ आणली. बायकोचे दागिने गेले. हे सगळं त्यांनी आपल्या घरातलं पणाला लावलं. म्हणून त्या वेडाला एक अब्रू आहे. (मुलाचं डोकं 'आपल्या घरातलं' म्हणावं का, यावर मावशींचं मत वेगळं आहे आणि ते मी खोडू शकत नाही.) पण हाच किस्सा शंभर वर्षं सांगून सांगून आज कोणाच्या कामी येतो? सोळा तासांची शिफ्ट लावणाऱ्या निर्मात्याच्या. तो काही स्वतःची पॉलिसी गहाण टाकत नाही. तो दुसऱ्याच्या पोराची झोप, दुसऱ्याची पाठ, दुसऱ्याचे डोळे पणाला लावतो आणि वर ऐकवतो, 'अरे, दादासाहेबांनी बघ काय काय सोसलं!' फाळक्यांचं वेड हे आजच्या हलगर्जीपणाचं प्रमाणपत्र झालंय.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात गोदाघाटावर एका मालिकेचं शूटिंग चालू होतं. कोणती ते सोडा. मी भाजीच्या पिशव्या घेऊन गाडगे महाराज पुलाखाली सावलीला उभा होतो. नायिका पायऱ्यांवर बसून दिवा सोडते, एवढाच प्रसंग. तिच्या डाव्या अंगाला, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, विशीतला एक मुलगा थर्माकोलची मोठी शीट दोन्ही हातांनी धरून उभा. ऊन शीटवर पडून तिच्या गालावर जाणार. वाऱ्याची झुळूक आली की शीट शिडासारखी फुगायची आणि तो गुडघ्याने दाबून ती सरळ करायचा. पायात स्लीपर. घाटाची फरशी दुपारी एकला कशी तापते हे नाशिककराला सांगायला नको. 'टेक' झाला की नायिकेवर छत्री यायची, पंखा यायचा. मुलगा शीट तशीच धरून उभा, कारण ठेवली तर जागा हलेल. मी असेतोवर नऊ टेक झाले. मधे एकदा कोणीतरी ओरडलं, 'थर्माकोल, झोपला काय रे?' त्याचं नाव थर्माकोल होतं.

हे बघताना मला सरस्वतीबाई आठवल्या. फाळक्यांच्या पत्नी. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, कलाकारांचे कपडे धुणं आणि रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडणं, कारण फिल्म भोकं न पाडलेलीच यायची. आणि शूटिंगच्या वेळी? चेहऱ्यावर उजेड यावा म्हणून पांढरी चादर धरून तासन्‌तास उन्हात उभं राहणं. थर्माकोलच्या त्या मुलाचं काम आपल्या सिनेमात पहिल्यांदा केलं ते या बाईने. 'पतीला साथ दिली' या तीन शब्दांत आपण तिला गुंडाळतो. साथ नव्हे, ते खातं होतं. आजच्या युनिटमध्ये त्या एकट्या बाईच्या कामासाठी लाइटमन, ड्रेसवाला, कॅटरर आणि लॅबची माणसं लागतात.

बरं, कायदा नाही असंही नाही. बालमजुरीच्या कायद्यात २०१६मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७चे नियम आले. त्यांत बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांवर विश्रांतीशिवाय राबवता येत नाही, त्याच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकावा लागतो, आणि शूटिंग ज्या जिल्ह्यात त्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणजे त्र्यंबकला किंवा इगतपुरीच्या घाटात एखाद्या पोराला पावसात भिजवायचं असेल, तर त्याचा कागद नाशिकच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून जायला हवा. माझी पहिली मागणी साधी आहे: अशा परवानग्यांची यादी, मुलांची नावं झाकून, लोकांना बघायला मिळावी. किती तास, कुठे, सोबत पालक कोण. बालकलाकाराच्या गोड मुलाखती आपण आवडीने बघतो, त्याला शाळा कधी असते हेही आवडीने विचारावं.

दुसरी गंमत बघा. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर पाटी येते, की या चित्रपटात कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही. २००१पासून प्राण्यांसाठी नियम आहेत, प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि ते उत्तमच आहे. तंबाखूची सूचनाही येते. माणसांबद्दल काहीच येत नाही. घोड्याला लागलं नाही याची हमी मिळते, घोड्याला धरून उभा असलेल्याची नाही. हे मी विनोदाने लिहितोय असं वाटेल. पण एका ओळीची हमी मागायला काय हरकत आहे? 'या चित्रीकरणात कोणाकडूनही बारा तासांपेक्षा जास्त काम घेतलेलं नाही' अशी पाटी लिहायला किती निर्माते धजतील, हे कळलं तरी पुष्कळ.

राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं, ते तुमच्या-माझ्या पैशांतून. त्यालाही अट हवी: संपूर्ण श्रेयनामावली, स्पॉटदादापासून जनरेटर व्हॅनच्या ड्रायव्हरपर्यंत, खऱ्या नावांनी. हल्ली घरबसल्या बघताना नावं सुरू झाली की कोपऱ्यात पाच, चार, तीन असं मोजत पुढचा भाग सुरू होतो. तेवढं तरी सरकारी अनुदानाच्या सिनेमाला लागू नसावं. नावं वाचायला लोक थांबतील का? नाही थांबणार. मी स्वतः थांबत नाही. पण पन्नास वर्षांनी कोणी शोधायला बसला, तर सापडायला हवीत. साळुंक्यांचं, तेलंगांचं सापडतं म्हणून आपण आज बोलू शकतो. त्र्यंबक तेलंग हे फाळक्यांचे बालमित्र. फाळक्यांनी त्यांना कॅमेरा शिकवला आणि 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी टिपला. हे नाव आमच्या मांडवात आजवर कोणी घेतलेलं नाही.

आणि हे मागायला नाशिकइतका हक्क कुठल्याच गावाला नाही, त्याचं कारण १९१७. त्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र'ची फिल्म बैलगाडीतून एका थिएटरातून दुसऱ्याकडे नेताना उन्हाने पेटली आणि जळाली, असं सांगतात. फाळक्यांनी तो सिनेमा इथे पुन्हा उभा केला. आज 'भारताचा पहिला चित्रपट' म्हणून पहिलं आणि शेवटचं अशी जी दोन रिळं दाखवली जातात, ती १९१३ची नसून १९१७च्या या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असं काही चित्रपट इतिहासकारांचं मत आहे. ते बरोबर असेल, तर शाळेच्या पुस्तकापासून दूरदर्शनपर्यंत आपण ज्या चौकटी बघत आलो, त्या नाशिकच्या उन्हात टिपलेल्या आहेत. याहून मोठा किस्सा कुठल्या गावाकडे आहे? पण त्यात कोणाचं डोकं फुटलेलं नाही, म्हणून तो चालत नाही.

त्याच १९१७मध्ये फाळक्यांनी आणखी एक छोटी फिल्म काढली: 'चित्रपट कसे तयार करतात'. त्यातले तुकडे टिकून आहेत. त्यात फाळके स्वतः दिसतात, नटांना सांगताना, फिल्मची पट्टी डोळ्यांसमोर धरून बघताना. पडद्यामागचं पडद्यावर आणायची कल्पना त्यांना तेव्हाच सुचली होती, आणि त्यांनी तिथे अपघात नाही दाखवला, काम दाखवलं. १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्येही तसंच. त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली. सुरुवातीला ती पोर साध्या वेशात कॅमेऱ्यासमोर येते, चेहऱ्यावर एकेक भाव दाखवते आणि मग कृष्ण होते. बघा, ही एक मुलगी आहे, आता ती काम करणार आहे, असं प्रेक्षकांना आधीच सांगून टाकलेलं. देव म्हणून हात जोडण्याआधी पोर म्हणून बघा. शंभर वर्षांपूर्वी!

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांच्या नावाचं स्मारक आहे. तिथे मला एक खोली हवी. पुतळा नको, तो होईलच. एका टेबलावर भोकं न पाडलेली फिल्मची पट्टी आणि भोकं पाडायचं हत्यार, शाळेच्या मुलांनी अंधारात हात घालून दहा भोकं पाडून बघायची, आणि हे काम रोज रात्री एक बाई स्वयंपाक आवरल्यावर करायची असं शेजारी लिहिलेलं. साठ माणसांच्या भाकरीला पीठ किती लागतं ते भांड्यात मोजून ठेवलेलं. बाहेर अंगणात एक पांढरी चादर. दुपारी एक वाजता, ज्याला ध्यासाबद्दल बोलायचं आहे त्याने ती पंधरा मिनिटं धरून दाखवायची. पहिला मान आमच्या काकांचा.

यंदाच्या प्रश्नमंजुषेची यादी मी परवाच मंडळाला दिली. रोहिदासाचा किस्सा ठेवलाय, पण प्रश्न बदलला: 'शूटिंगमध्ये मूल बेशुद्ध झालं, तर पहिल्या पाच मिनिटांत काय कराल?' परीक्षक मावशी. दुसरा प्रश्न तेलंगांवर, तिसरा दुर्गाबाईंवर. चौथा होता, 'चेहऱ्यावर उजेड पाडायला पांढरी चादर कोण धरायचं?' अध्यक्षांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, 'सगळं ठीक आहे हो, पण यात अमिताभ कुठे आहे?' शेवटी तडजोड झाली. 'कुली'चा एक प्रश्न घातलाय. बच्चनना मार लागला त्या प्रसंगात त्यांच्यासमोर कोण होतं, असा. पुनीत इस्सर. त्यानंतरची काही वर्षं त्या माणसाला लोकांनी कसं वागवलं हा पोटप्रश्न मी घातला होता, तो अध्यक्षांनी पेन्सिलीने खोडला. पेन्सिलच आहे, म्हटलं, बघू.